बहिणाबाईंचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाला खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, अधिसभेचे सदस्य आणि मराठीचे प्राध्यापक,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव

सविनय नमस्कार.

२०१८ साली आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. जिला अक्षरओळख नव्हती अशा एका शेतकरी बाईचं नाव विद्यापीठाला देण्यात आलं, आणि आज जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली मुलं ते नाव छापलेली पदवी घेऊन बाहेर पडतात. मला याचा अभिमान आहे. आपल्याकडे मी जे मागतो आहे ते या नावातूनच निघतं. खान्देशातल्या ज्या बायांच्या तोंडी अजून गाणी आहेत, त्यांची गाणी त्यांच्याच आवाजात, त्यांच्या नावागावासह ध्वनिमुद्रित करून जपण्याचं काम विद्यापीठाने हाती घ्यावं, आणि ते लांबणीवर टाकू नये.

बहिणाबाईंची कविता आपल्यापर्यंत कशी पोचली ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण आपण ती नेहमी शेवट गोड झालेली गोष्ट म्हणून सांगतो. ती थोडक्यात कशी निभावली, याकडे आपलं लक्ष जात नाही.

१८८० साली असोद्याच्या महाजनांच्या घरात त्या जन्मल्या. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींशी लग्न झालं. तिशीच्या आसपास वैधव्य आलं, तेव्हा पदरात ओंकार, सोपान आणि काशी ही मुलं होती. त्यानंतरची चाळीस वर्षं शेत, गोठा, चूल, घरोट म्हणजे जातं. गाण्यासाठी वेगळा वेळ काढावा असं ते आयुष्यच नव्हतं. गाणं कामातूनच येत होतं, आणि ते कसं येतं हेही त्यांनी गाण्यातच सांगून ठेवलं आहे:

अरे घरोटा घरोटा
तुझ्यातून पडे पिठी
तसं तसं माझं गानं
पोटातून येतं व्होटी

या ओठांवर आलेल्या गाण्यांपैकी काही कागदावर उतरली, कारण मुलगा सोपान शाळेत गेला आणि पुढे स्वतः कवी झाला. शाळेच्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट त्याने आईला वाचून दाखवली आणि आईने तिचं गाणं केलं, ही आठवण सोपानदेवांनीच सांगितलेली आहे. त्यांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तसं टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. ‘हे तर बावनकशी सोनं आहे’ हे अत्र्यांचे उद्गार महाराष्ट्राला माहीत आहेत. त्यांनीच पुढाकार घेतला, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं.

या साखळीतली एकेक कडी काढून बघा. मुलगा शेतावरच राहिला असता तर? तो शिकला असता, पण त्याला कवितेचा कान नसता तर? आईच्या बोलीची लाज वाटून त्याने वही बाजूला ठेवली असती तर? त्या काळात शिकलेल्या पोराला घरच्या बोलीची लाज वाटणं सहज शक्य होतं, आजही वाटते. अत्र्यांच्या जागी दुसरा कोणी असता आणि ‘बरं आहे, ग्रामीण आहे’ म्हणून त्याने वही परत केली असती तर? यातलं एक जरी घडलं असतं तरी आज आपल्या विद्यापीठाचं नाव नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ राहिलं असतं. आणि जे टिपलं गेलं तेही मिळेल तेवढंच. शेतात एकटीने म्हटलेलं, पहाटे घरोटावर म्हटलेलं, मुलं परगावी असताना म्हटलेलं किती होतं याचा हिशेब आता लागणार नाही. त्यांचा आवाजही आपल्यापर्यंत पोचलेला नाही. त्या काळी मुंबईत रेडिओ होता, ध्वनिमुद्रिका निघत होत्या, पण जळगावच्या चौधरी वाड्यातल्या या बाईपर्यंत ते यंत्र गेलं नाही. आज ‘अरे संसार संसार’ आपण ज्या चालीत गुणगुणतो ती संगीतकाराने बांधलेली चाल आहे. सुंदरच आहे. पण घरोटाच्या फेऱ्याबरोबर बहिणाबाई ते कुठे थांबून, कुठे हेल काढून म्हणत असतील हे आपल्याला कधीच कळणार नाही.

आता खरा मुद्दा. सोपानदेवांऐवजी लोकगीतं गोळा करणारा एखादा अभ्यासक चौधरी वाड्यात गेला असता, तर त्याने काय लिहून नेलं असतं? ‘जात्यावरील ओव्या, पूर्व खान्देश, सांगणारी स्त्री वय साठ.’ ती पानं कुठल्या तरी संग्रहात छापली गेली असती आणि ‘लोकवाङ्मय’ म्हणून आपण ती आदराने वाचली असती. कवयित्री म्हणून मात्र बहिणाबाई जन्मल्याच नसत्या. ज्या बाईचा मुलगा तिच्या नावानिशी वही ठेवतो ती कवयित्री होते आणि जिला तसा मुलगा नाही ती ‘लोक’ होते, असं आपल्याकडे घडत आलं आहे. आपल्या संग्रहांत निनावी छापलेल्या ओव्यांमध्ये अशा किती जणी असतील, कोण सांगणार?

हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. ओवी हा साचा सगळ्यांचा असतो, पण त्या साच्यात एखादी बाई स्वतःचा विचार कसा ओतते याचं उदाहरण बहिणाबाईंइतकं स्पष्ट दुसरीकडे सापडणं कठीण. वैधव्यावरच्या त्यांच्या या ओळी पाहा:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

कुंकू म्हणजे सौभाग्य, कुंकू म्हणजे रक्षण, हे घरोघरच्या ओव्यांमध्ये येतं. नवऱ्याचं आयुष्य मागणं, कपाळाचं कुंकू अखंड राहो म्हणणं ही परंपरेची चाकोरी आहे. इथे मात्र कुंकवाने काहीच राखलेलं नाही. कपाळावर नशिबाची रेघ आधीपासूनच होती, कुंकवाने ती फक्त झाकून ठेवली होती. कुंकू पुसलं गेलं आणि खाली जे होतं ते दिसलं. चार लहान ओळींत सौभाग्याची सगळी कल्पना उलटी करून ठेवली आहे, आणि तीही आवाज न चढवता. एवढं दैव कपाळावर वाचणारी हीच बाई ज्योतिषाला मात्र ‘नको नको रे ज्योतिषा, माझ्या दारी नको येऊ’ म्हणून दारातूनच परत पाठवते. माझं दैव मला कळतं, माझा हात बघू नकोस, असं त्याला बजावते. हा एका माणसाचा स्वतंत्र विचार आहे. त्याला समूहाच्या नावावर टाकणं अन्याय झाला असता.

म्हणून गावात जाऊन ‘आजी, जुन्या ओव्या सांगा’ एवढंच विचारून भागत नाही. जुन्या ओव्या मिळतात, शंभर ठिकाणी शंभरदा मिळतात. त्यापुढचा प्रश्न विचारावा लागतो: तुम्ही स्वतः काही जोडलंय का? घरात कोणी गेलं तेव्हा, दुष्काळ पडला तेव्हा, लेक सासरी गेली तेव्हा तुमच्या मनाने काही म्हटलंत का? हा प्रश्न विचारला की बाया आधी लाजतात. मग पदर तोंडाला लावतात. आणि मग एखादी सुरू होते.

यावल तालुक्यातल्या माझ्या नात्यातल्या एका आत्याबाईंकडे मी असाच बसलो होतो. वय ऐंशीच्या पुढे. खूप आग्रह केला तरी दोन-तीन कडव्यांच्या पुढे जाईनात. म्हणाल्या, ‘बसल्या बसल्या गानं येत नही रे भाऊ, हात फिरला म्हंजे येतं.’ मागच्या अंगणात जुनं घरोट पालथं पडलेलं होतं. सुनेने आणि नातवाने ते उचलून आत आणलं, खुंटा ठोकला, मूठभर ज्वारी टाकली. आत्याबाईंनी एक पाय पसरला, दुसरा दुमडला, खुंट्यावर हात ठेवला. पहिले चार-पाच फेरे नुसतेच गेले. मग जी सुरुवात झाली ती सुनेनेही कधी ऐकलेली नव्हती. पंचवीस वर्षं एका घरात राहून ऐकलेली नव्हती, कारण ती सून म्हणून आली तोवर गावात पिठाची गिरणी सुरू झालेली होती. त्यात माहेरच्या विहिरीचं नाव होतं, एका मेलेल्या भावाचं नाव होतं, आणि सासूशी झालेल्या एका भांडणाचा अगदी नेमका तपशील होता. सून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

घरोटावर दळून संसार केलेली ही शेवटची पिढी आहे. आज ज्या बाया पंच्याहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्यानंतर त्या हाताच्या फेऱ्याशी जोडलेलं गाणं येणार नाही. बाकीची गाणी अजून काही वर्षं तग धरतील. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, तेव्हाची गाणी अजून आहेत. श्रावणातल्या कानबाईची आहेत. भाद्रपद-आश्विनात भुलाबाईची गाणी शाळांच्या स्पर्धांमुळे का होईना टिकून आहेत, जरी स्पर्धेत ती सगळी एकाच चालीत शिकवली जातात. लग्नात हळदीची गाणी आता डीजेच्या आवाजात ऐकू येत नाहीत, पण म्हाताऱ्या बायांना ती येतात. मयताला बाया हेल काढून जे रडतात, ज्यात गेलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य सांगितलं जातं, तेही काव्यच आहे. आणि हे सगळं एका बोलीत नाही. यावल-रावेर-भुसावळकडची लेवा गणबोली वेगळी, अमळनेर-धुळ्याकडची अहिराणी वेगळी, सातपुड्यातल्या पावरी आणि भिलोरी तर आणखी वेगळ्या. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाईचं गाणं जळगावच्या माणसाला समजत नाही. तरी विद्यापीठ तिचंही आहे.

काम नव्याने शोधून काढायचं आहे असं नाही. अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी पुढे बायांच्या ओव्या मायेने गोळा करून छापल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीतर्फे कितीतरी खंड काढले. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायांना सोबत घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; आज त्या ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर, पुष्कळशा गाणारीच्या नावासह आणि काही तर आवाजासह, कोणालाही ऐकता येतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून बोलण्याची ध्वनिमुद्रणं खुली केली आहेत. वाट मळलेली आहे. खान्देशातल्या बायांच्या गाण्यांसाठी ती वाट चालायचा पहिला हक्क आणि पहिलं कर्तव्य बहिणाबाईंचं नाव लावणाऱ्या संस्थेचं आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. आपल्याकडे बोलींवर, लोकगीतांवर प्रबंध होतात हे मला ठाऊक आहे. पण प्रबंधात गाणं परिशिष्टात जातं, ध्वनिमुद्रण संशोधकाच्या मोबाइलमध्ये राहतं, मोबाइल बदलला की जातं.

माणसं आपल्याकडे आहेत. संलग्न महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं दर हिवाळ्यात गावोगावी होतात. रस्ता झाडणं, शोषखड्डे, रॅली, सगळं चांगलंच आहे. त्यातच संध्याकाळचे दोन तास गावातल्या वयस्क बायांकडे बसण्यासाठी ठेवता येतील. ही मुलं बाहेरून आलेली नाहीत, त्यांच्याच आज्या आहेत त्या; बोली त्यांच्या घरची आहे. अनोळखी प्राध्यापकापुढे जी बाई तोंड उघडणार नाही ती शेजारच्या पोरीपुढे उघडेल. मुलींना यात पुढे ठेवावं, कारण बाळंतपणाची, सासरच्या जाचाची, नवऱ्याच्या मारहाणीची गाणी पुरुषांसमोर येत नाहीत. चांगल्या मोबाइलवर आज पुरेसं स्वच्छ मुद्रण होतं. टीव्ही बंद करायचा, पंखा बंद करायचा, मध्ये बोलायचं नाही, एवढं शिकवलं तरी पुष्कळ. आणि शक्य तिथे घरोट फिरवूनच घ्यावं. कामापासून तोडलेलं गाणं अर्धंच येतं.

दोन गोष्टींवर मात्र तडजोड होऊ नये. पहिली नावाची. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला बाईने स्वतःचं नाव, माहेर, सासर सांगावं आणि गाणं कोणाकडून आलं की स्वतः जोडलं तेही सांगावं. तिची संमती तिला समजेल अशा शब्दांत, तिच्या बोलीत घ्यावी. कोऱ्या कागदावर अंगठा नको. जे गाणं जगाला ऐकवायचं नाही असं ती म्हणेल ते कुलूपबंद राहावं. भाऊबंदांची, सासरची नावं घेतलेली गाणी असतात, त्यातून घरात वाद होऊ शकतो. पुढे कोणी चित्रपटवाल्याने वा गायकाने ते वापरलं तर श्रेय आणि मोबदला तिला वा तिच्या घराला मिळेल असा नियम विद्यापीठाने आधीच करून ठेवावा.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. गाणं कागदावर उतरवताना कोणी ते ‘शुद्ध’ करू नये. बहिणाबाईंच्या ‘मियते भाकर’चं कितीतरी ठिकाणी ‘मिळते भाकर’ होऊन बसलं आहे. सुधारणाऱ्याला वाटतं आपण उपकार केला. जसं म्हटलं तसं लिहावं, खाली प्रमाण मराठीत अर्थ द्यावा, आणि शेवटचा पुरावा म्हणून आवाज हाताशी असावाच.

खर्च लागेल. पण हा खर्च इमारतीचा नाही. मुद्रणं साठवायला सर्व्हर, त्याच्या प्रती आणखी दोन ठिकाणी, बोलीचे जाणकार दोन-तीन पूर्णवेळ माणसं, आणि गाणाऱ्या बाईला मानधन. तिची सबंध सकाळ आपण घेतो. साडीचोळी देऊन फोटो काढण्यापेक्षा तिच्या हाती रोख मानधन द्यावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी ताम्रपट, शिलालेख, गाथासप्तशती असे लिखित पुरावे मांडले गेले, ते योग्यच होतं. आता अभिजात मराठीच्या नावाने जे प्रकल्प आणि जो निधी येईल, त्यात ज्यांनी कधी लिहिलंच नाही त्यांच्या मराठीचा वाटा आपल्या विद्यापीठाने मागून घ्यावा. आपण नाही मागितला तर दुसरं कोण मागेल?

जळगावातल्या छापखान्यावर बहिणाबाईंची एक कविता आहे. लिहिता-वाचता न येणारी ही बाई छपाईचं यंत्र बघते आणि म्हणते:

मानसापरी मानूस
राहतो रे येडजाना
अरे होतो छापीसनी
कोरा कागद शहाना

कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस तसाच राहतो. या ओळी मला दरवेळी टोचतात, कारण छापलेलं म्हणजे ज्ञान असं मानणाऱ्या आम्हा शिकलेल्यांनाच त्या उद्देशून आहेत. त्यांच्या वेळी यंत्र म्हणजे छापखाना होता, आज आवाज धरून ठेवणारं यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे.

माझी विनंती अशी की अधिसभेच्या येत्या बैठकीत हा विषय ठेवावा. एकदम तीन जिल्हे नकोत. पहिल्या वर्षी यावल, अमळनेर आणि धडगाव असे वेगवेगळ्या बोलींचे तीन तालुके घ्यावेत, पंच्याहत्तरीच्या पुढच्या बायांपासून सुरुवात करावी, आणि पुढच्या आखाजीपर्यंत पहिली मुद्रणं लोकांना ऐकायला खुली करावीत. लेवा गणबोलीतल्या मुद्रणांचं लेखन आणि प्रमाण मराठीतला अर्थ करून देण्यासाठी मी विनामोबदला तयार आहे. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना बोलावलंत तर येतील. आत्याबाईंचं मुद्रण त्यांच्या संमतीसह माझ्याकडे आहे. विद्यापीठ ते ठेवून घेणार असेल तर मी स्वतः आणून देतो.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
यावल तालुक्यातला एक निवृत्त मराठी शिक्षक